परसातलं बावखल, त्यातले बेडूक आणि साप : कोणाला राहू द्यायचं, कोणापासून जपायचं

बोईसर (प्रतिनिधी) : पहिला जोराचा पाऊस पडला की आपल्याकडे दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. रात्री बेडकांचं ओरडणं आणि सकाळी मोबाईलवर सापांचे फोटो. 'घराच्या मागे पाण्यात दिसला, कुठला आहे?' असा प्रश्न गावाच्या ग्रुपवर पडतो. एक जण नाग सांगतो, दुसरा घोणस, तिसरा म्हणतो विचारत काय बसलात, आधी मारा. बऱ्याच वेळा फोटोतला साप मेलेलाच असतो. आणि बऱ्याच वेळा तो विरोळा निघतो, ज्याच्या तोंडात विषच नसतं.

पालघर, बोईसर, तारापूर, केळवे-माहीम, डहाणू या पट्ट्यात ज्याच्याकडे वाडी आहे त्याच्याकडे पाण्याची एखादी जागा असतेच. कुठे जुनं बावखल, कुठे विहिरीला लागून झालेलं डबकं, कुठे भाजीसाठी खणलेला खड्डा, आणि आता कुठे कुठे प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं. पाणी साठलं की बेडूक येतात, बेडूक आले की साप येतो. त्यांना कोणी आणून सोडावं लागत नाही. मग घरातली बाई भांडी घासायला मागे जायला घाबरते, पोरांना तिकडे जायची बंदी होते, आणि शेवटी घरात ठरतं की मातीचे दोन ट्रॅक्टर आणून हे पाणीच बुजवून टाकू. ते करण्याआधी पाण्यात नक्की कोण राहतं आणि धोका कुठून येतो हे समजून घेतलेलं बरं. कारण धोका आहेच, पण तो बहुतेक वेळा पाण्यातल्या सापाचा नसतो.

बावखल म्हणजे काय

जव्हार-मोखाड्याच्या वाचकांसाठी आधी हे सांगतो. बावखल म्हणजे वाडीत हाताने खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. वसई, विरार, अर्नाळा या समुद्राजवळच्या गावांत ही बावखलं फार होती, आमच्या इकडच्या किनाऱ्यालाही आहेत. जमीन रेताड, समुद्र जवळ, त्यामुळे खोल खणलं की खारं पाणी लागतं. म्हणून जुन्या लोकांनी कमी खोल पण पसरट तळी खणली. पावसाचं गोडं पाणी त्यात थांबायचं, हळूहळू जमिनीत मुरायचं, आजूबाजूच्या विहिरी गोड राहायच्या. रहाट लावून त्याच पाण्यावर केळी, पानवेल, फुलं आणि भाजी पिकायची. खणून निघालेली माती वाडीत पसरली की वाडी उंच व्हायची.

नंतर पंप आले, बोअरिंग आलं, नळ आले. रहाट गेले. जमिनीला भाव आला तशी बावखलं बुजू लागली आणि त्यावर इमारती उभ्या राहिल्या. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार कित्येक दिवस पाण्यात होतं, तेव्हा पाण्याने जायचं कुठे हा प्रश्न लोकांनी मोठ्याने विचारला. त्या बाजूला काही तरुणांनी उरलेली बावखलं साफ करायचं काम हाती घेतलं आहे, ते चांगलंच आहे. पण साफ करताना त्यातले साप मारले आणि काठ सिमेंटचे केले तर उरतो तो फक्त पाण्याचा हौद.

आधी बेडूक

आपण सगळ्यांनाच बेडूक म्हणतो, पण एका बावखलाच्या भोवती चार-पाच जातीचे बेडूक सहज सापडतात.

पाण्यावर डोळे आणि नाक तेवढं वर ठेवून तरंगणारा, आणि माणूस जवळ गेला की पाण्यावरूनच टपटप उड्या मारत पळणारा, तो बारमाही राहणारा बेडूक. भाताच्या बांधावर पायाखालून उडतात ते छोटे तपकिरी बेडूक वेगळे. न्हाणीघराच्या भिंतीला चिकटून बसतो तो सडपातळ फिकट बेडूक झाडावरचा. त्याच्या बोटांच्या टोकाला चकत्या असतात, म्हणून तो गुळगुळीत लादीवरही चढतो. त्याची मादी पाण्यावर वाकलेल्या पानाला किंवा टाकीच्या भिंतीला साबणाच्या फेसासारखं घरटं करते. अंडी त्या फेसात असतात, पिल्लं तयार झाली की खालच्या पाण्यात पडतात. पुष्कळ लोक तो फेस घाण समजून पाण्याने धुऊन टाकतात.

अंगावर खरबरीत पुटकुळ्या असलेला, उड्या मारण्यापेक्षा चालणारा, संध्याकाळी दिव्याखाली येऊन बसणारा तो भेक. त्याला हात लावला तर अंगावर चामखीळ उठते हे खोटं. पण त्याच्या डोळ्यांमागच्या फुगीर गाठींत विषारी चीक असतो. कुत्र्याने तोंडात धरला की कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो. अशा वेळी कुत्र्याचं तोंड पाण्याने धुवावं, आणि भेक हाताळला असेल तर आपले हात धुवावेत.

आणि सगळ्यात मोठा तो आपला डराव डराव करणारा बेडूक, वीतभर वाढणारा. पहिल्या पावसात त्याचे नर हळदीसारखे पिवळे होतात आणि ओरडताना गालाजवळ निळे फुगे येतात. दरवर्षी जूनमध्ये याचे व्हिडिओ 'विषारी बेडूक सापडला' म्हणून फिरतात. तो विषारी नाही. मादीला बोलावण्यासाठी तो रंग येतो आणि थोड्याच दिवसांत जातो. उन्हाळाभर हा बेडूक चिखलात खोल गाडून घेऊन पडलेला असतो, म्हणून पावसाबरोबर आकाशातून पडल्यासारखा वाटतो.

हा मोठा बेडूक तोंडात मावेल ते खातो. किडे, गांडुळं, उंदराची पिल्लं, दुसरे बेडूक, आणि सापाची पिल्लंसुद्धा. साप बेडकाला खातो एवढंच आपण शाळेत शिकलो, पण बावखलात हिशोब दोन्ही बाजूंनी चालतो. याची शेपटीवाली पिल्लं पाण्यातल्या डासांच्या अळ्याही खातात. बावखलामुळे डास होतात अशी तक्रार नेहमी येते. डेंग्यूचा डास बहुतेक करून टायर, पिंप, कुंडीखालची ताटली, उघडी टाकी अशा साठवलेल्या पाण्यात वाढतो. मासे, बेडूक आणि चतुराच्या अळ्या असलेल्या जिवंत तळ्यात त्याला वाढणं कठीण जातं. घरामागचं तळं बुजवायचं आणि छपरावर फुटके टायर तसेच ठेवायचे, असं आपल्याकडे बऱ्याच घरांत चालतं.

बेडूक खाण्याचीही गोष्ट आहे. वलगणीचे मासे पकडायला रात्री बत्ती घेऊन माणसं निघतात, तेव्हा काही जण हे मोठे बेडूकही पोत्यात भरतात. गोव्यात तर 'जंपिंग चिकन' म्हणून ते चोरून विकले जातात आणि पावसाच्या सुरुवातीला वन खात्याला गस्त घालावी लागते. एके काळी आपला देश बेडकाच्या तंगड्या परदेशात पाठवायचा. भाताच्या शेतांतून बेडूक इतके उचलले गेले की १९८७ साली सरकारने ही निर्यात बंद केली. कायद्याने बेडूक पकडून विकता येत नाहीत. आणि नेमक्या त्या रात्री ते अंडी घालायला जमलेले असतात, म्हणजे एक पोतं भरलं की पुढच्या वर्षीचे हजारो गेले.

पाण्यातला साप बहुतेक विरोळा

याला कोणी विरोळा म्हणतं, कोणी इरूळा, कोणी दिवड किंवा पाणदिवड. साधारण तीन-चार फूट लांब. रंग पिवळसर, हिरवट किंवा तपकिरी, आणि अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे ठिपके. रंगात फरक पडतो, म्हणून रंगावर जाऊ नका. खूण डोळ्याजवळ आहे. डोळ्याच्या खालून आणि मागून दोन तिरप्या काळ्या रेघा ओठाकडे उतरतात. डोळ्याची बाहुली गोल असते. मोबाईलने लांबून फोटो काढून मोठा केला तर या रेघा दिसतात.

त्याचं खाणं म्हणजे मासे, बेडूक आणि बेडकांची पिल्लं. रात्री पावसात एखादा बेडूक नेहमीसारखा न ओरडता लहान मुलासारखा बारीक किंकाळतो, ते आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. सापाने मागचा पाय धरलेला असतो. बेडूक अंग फुगवतो, साप सोडत नाही, जिवंतच गिळतो. बघायला वाईट वाटतं. आमच्याकडे घरातले लोक काठी घेऊन बेडूक सोडवायला धावतात, तसं करू नये. जखमी बेडूक बहुतेक मरतोच, आणि चिडलेला साप मात्र आपल्या पायाशी असतो.

विरोळा फार तापट. अडवला तर मान चपटी करतो, फुत्कार टाकतो आणि चावतोही जोरात. मान चपटी केली की लोक नाग समजतात. याच सवयीने तो सगळ्यात जास्त मार खातो. चावला तर रक्त येतं, दुखतं, पण विष नसतं. साबण-पाण्याने जखम धुवायची आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. तरी चावलेला साप विरोळाच होता याची शंभर टक्के खात्री नसेल तर सरळ दवाखान्यात जायचं. खात्री आहे असं वाटणं आणि खात्री असणं यात फार अंतर आहे, आणि अंधारात तर विचारूच नका.

साप सगळे बेडूक खाऊन टाकेल ही भीती कोणी बाळगू नये. एक पोटभर शिकार मिळाली की साप काही दिवस नुसता पडून राहू शकतो. मोठ्या बेडकाची एक मादी काही हजार अंडी घालते. त्यातली बहुतेक पिल्लं मासे, चतुराच्या अळ्या, बगळे आणि खंड्याच खातात. उरलेल्यांतले थोडे सापाला गेले तर तळ्याला काही फरक पडत नाही. विरोळ्याचीही अंडी ढिगाने असतात, आणि त्यांच्या पिल्लांना बगळा, मुंगूस आणि हाच मोठा बेडूक खातो. कित्येक पिढ्या असंच चाललं आहे.

विरोळ्याबरोबर आणखी दोन बिनविषारी साप बावखलाच्या काठी दिसतात. नानेटी, बारीक, पाठीवर दोन फिकट पट्टे, गवतात फिरणारी, छोटे बेडूक खाणारी. आणि गवत्या, हिरवा, थोडा जाडसर, जो भेकसुद्धा पचवतो. दोन्ही इतके शांत की पोरं त्यांना उचलून खेळतात. तसं खेळू देऊ नका. आज नानेटी उचललेलं पोर उद्या दुसरं काहीतरी उचलेल.

धामण तर येणारच. ती लांबलचक असते, बेडूक खाते आणि उंदीर फार खाते. धामण गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते ही गोष्ट आपल्याकडे अजून सांगितली जाते. सापाच्या तोंडाची रचना दूध ओढून पिण्यासारखी नाही. गाय कमी दूध देत असेल तर तिचा खुराक बघा, धामणीला दोष नको. भाताच्या कणगीजवळ धामण फिरत असेल तर ती तुमचेच उंदीर कमी करते आहे.

खाडीला लागून ज्यांची तळी आहेत, सातपाटी, नांदगाव, तारापूर या बाजूला, त्यांनी एक लक्षात ठेवावं. शेपटी वल्ह्यासारखी चपटी असेल तर तो समुद्रसाप, आणि तो भयंकर विषारी. आपल्या कोळी-मांगेला भावांना हे सांगायची गरज नाही, जाळ्यातून तो कसा काढायचा हे त्यांना माहीत आहे. वाडीवाल्यांसाठी सांगितलं.

खरी भीती काठावर आणि घरात

आता ज्यांच्यापासून जपायचं ते. आपल्या देशात सर्पदंशाने सर्वात जास्त माणसं मारणारे साप चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. यातला कोणीही विरोळ्यासारखा पाण्यात राहणारा नाही. ते बावखलाच्या काठावर, बांधाच्या बिळात, लाकडाच्या ढिगात, पेंढ्यात असतात. नाग बेडूक आणि उंदीर दोन्ही खातो. घोणस मुख्यतः उंदरांच्या मागे असते. मण्यार दुसरे साप, बेडूक, पाली खाते.

घोणशीची ओळख चुकणं सगळ्यात महागात पडतं. अंग जाड, शेपूट आखूड, डोकं त्रिकोणी चपटं, आणि पाठीवर साखळीसारखे गडद लांबट गोल ठिपके तीन ओळींत. हिला लोक अजगराचं पिल्लू किंवा मांडूळ समजून हात घालतात. अजगराचे डाग वेडेवाकडे, नकाशासारखे असतात, असे एकसारखे ओळीत नसतात. घोणस सहसा पळत नाही, एका जागी पडून कुकरच्या शिटीसारखा आवाज करते. असा आवाज आला की पाय तिथेच थांबवा आणि सावकाश मागे घ्या.

मण्यार काळी-निळसर, चकचकीत, अंगावर पांढऱ्या बारीक रेघा, त्या पुष्कळदा जोडीने. रेघा मानेपासून थोडं मागे सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. कवड्या नावाचा बिनविषारी साप हिच्यासारखाच दिसतो, पण त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. तरीही घरात रात्री असा साप दिसला तर पट्टे मोजत बसू नका, मण्यार समजूनच लांब राहा.

मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेत चावते. दंश दुखत नाही, सूज नाही, दाताची खूणही धड दिसत नाही. पहाटे माणूस पोटात दुखतंय, घशात अडकतंय म्हणून उठतो. घरचे गॅस झाला म्हणून ओवा देतात. मग पापण्या जड होऊन मिटायला लागतात, बोलणं अडखळतं, श्वास अडकतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं निरोगी माणूस पहाटे असं उठलं आणि पापण्या उघडत नसतील, तर साप पाहिला असो वा नसो, मण्यार धरूनच दवाखाना गाठा. आपल्या आदिवासी पाड्यांवर आणि बोईसरच्या चाळींत खोलीत पाच-सहा जण जमिनीवरच झोपतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. खाट नसेल तर निदान मच्छरदाणी लावून तिच्या कडा गोधडीखाली नीट दाबायच्या. डासही वाचतात आणि मण्यारही आत येत नाही. दोन-चारशे रुपयांत याच्याइतका चांगला उपाय दुसरा नाही.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा संशोधकांचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यांतली, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, म्हणजे लावणीपासून भात फुलोऱ्यावर येईपर्यंतच्या दिवसांतले.

तळं ठेवा, पण घराजवळची व्यवस्था बदला

साप घरात का येतो याचं उत्तर पुष्कळ वेळा मागच्या दाराच्या दिव्यात असतं. दिव्यावर किडे येतात, किड्यांसाठी भेक आणि बेडूक उंबऱ्यापाशी बसतात, आणि त्यांच्या मागावर साप येतो. दिवा दारावर लावण्याऐवजी थोडा पुढे खांबावर लावा आणि गरज असेल तेव्हाच पेटवा. पांढऱ्यापेक्षा पिवळ्या दिव्यावर किडे कमी येतात. आमच्या वाडीत दिवा दारावरून काढून गोठ्याच्या कोपऱ्यावर नेला, तेव्हापासून बेडकांची बैठक तिकडे भरते.

दाराच्या फटीला पट्टी, न्हाणीच्या पाण्याच्या भोकाला जाळी, घराला टेकून लाकडं, कौलं, विटा रचायच्या नाहीत. लाकडांचा ढीग घरापासून लांब आणि जमिनीपासून वर फळीवर ठेवा. कोंबड्यांचे दाणे रात्री उघडे टाकू नका, त्यावर उंदीर येतात. तळ्याकडे जायची वाट दोन हात रुंद, गवत कापलेली ठेवा. पण तळ्याच्या पलीकडच्या काठाचं गवत तसंच राहू द्या, म्हणजे बेडूक-साप तिकडे राहतील. सगळा काठ चकाचक केला की त्यांना राहायला जागा उरते ती तुमच्या घराचीच. रात्री मागे जाताना बॅटरी आणि पायात बूट. मोबाईलची बॅटरी चालते, पण मोबाईलवर बोलत बोलत चालू नका.

साप येऊ नये म्हणून फिनेल, कार्बोलिक ॲसिड, लसणाचं पाणी शिंपडतात. त्याच्यावर भरवसा ठेवावा असा काही परिणाम होत नाही. फिनेल तळ्यात गेलं तर बेडूक मात्र नक्की मरतात, कारण बेडूक कातडीनेही श्वास घेतो आणि पाण्यातलं जे असेल ते अंगात ओढतो. तणनाशकाचा पंप तळ्यात धुणं, औषधाची बाटली तळ्यात विसळणं हे त्यातलंच. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याचा प्रश्न हरित लवादापर्यंत गेला हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथल्या नाल्यांचं पाणी वाडीत घेण्याआधी एवढं बघा, पावसात त्या नाल्यात बेडूक ओरडतो का.

तळ्यात मासे सोडताना थाई मांगूर सोडू नका. त्यावर बंदी आहे, आणि तो बेडूक, पिल्लं, गावठी मासे सगळं फस्त करतो. मे महिन्यात जेसीबीने गाळ काढायचा असेल तर एका वर्षी अर्धाच भाग काढा. चिखलात मोठे बेडूक झोपलेले असतात, एकदम सगळा गाळ उचलला की ते मातीबरोबर भरावाला जातात. वाडीभोवती कोंबड्यांसाठी किंवा भाजीसाठी नायलॉनची बारीक जाळी लावतात, त्यात धामण आणि विरोळा अडकून मरतात. जाळी लावायचीच तर खालची वीतभर जागा मोकळी सोडा किंवा तिथे पत्रा लावा. अडकलेला साप स्वतः सोडवायला जाऊ नका.

शेततळ्यांबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेत राज्यात खूप तळी झाली. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्याच्या बाजू इतक्या गुळगुळीत असतात की आत पडलेला प्राणी वर येऊच शकत नाही. साप, बेडूक, मुंगूस, कुत्रं, सगळे पोहून पोहून बुडतात, पाणी सडतं. माणसंही बुडाली आहेत, पोरं जास्त. चारही कोपऱ्यांत काठावर पक्का खुंट ठोकून जाड दोरखंड पाण्यात सोडायचा, त्याला गाठी मारायच्या. एका बाजूला जुन्या मासेमारीच्या जाड जाळीचा तुकडा किंवा गोणपाट बांधून ठेवला तर छोटे प्राणीही चढून येतात. कुंपण तर हवंच.

चावला तर

घाबरून पळायचं नाही, धावल्याने विष लवकर पसरतं. माणसाला आडवं करा, चावलेला हात किंवा पाय हलणार नाही असा फळी-कपड्याने सैल बांधा. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. दोरी करकचून आवळायची नाही. ब्लेडने कापायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही, बर्फ लावायचा नाही, दारू-चहा पाजायचं नाही. १०८ ला फोन करा. गाडी यायला वेळ असेल तर मोटरसायकलवर रुग्णाला मध्ये बसवून मागून एकाने धरून न्या. साप मारून दवाखान्यात न्यायची गरज नाही. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाहीतर राहू दे.

भगताकडे जायचं असेल तर दवाखान्यातून आल्यावर जा. भगताकडे गेलेले पुष्कळ लोक बरे होतात हे खरं, कारण त्यांना बहुतेक बिनविषारी सापच चावलेला असतो. विषारी दंशात मात्र तिथे गेलेला एक तास परत मिळत नाही. काही भगत आता स्वतःच 'आधी दवाखान्यात न्या' म्हणतात, त्यांचं कौतुक आहे.

दवाखान्यात एक भांडण नेहमी होतं. नातेवाईक म्हणतात, डॉक्टर इंजेक्शन देत नाहीत, नुसते बघत बसलेत. डॉक्टर थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेऊन २० मिनिटं हलवल्याशिवाय ठेवतात. रक्त गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचं विष अंगात आहे असं समजतं. पापण्या, श्वास आणि सूज पुन्हा पुन्हा बघतात. विष चढल्याची लक्षणं नसताना प्रतिविषाचं इंजेक्शन दिलं तर त्याचीच रिॲक्शन येऊ शकते, ते घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं असतं. म्हणून ती २० मिनिटं थांबा. हे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालतं आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. श्वास अडकत असेल तर मोठ्या दवाखान्यात हलवावं लागतं. आपल्याकडे डहाणू आणि कासा इथली उपजिल्हा रुग्णालयं, जव्हारचं पतंगशाह रुग्णालय, आणि सीमेवरचे लोक सिल्वासाला विनोबा भावे रुग्णालयात जातात. तुमच्या पाड्यापासून जवळचं कोणतं आणि रात्री तिथे डॉक्टर असतो का, हे पाऊस लागायच्या आधी विचारून ठेवा. आशाताईंना माहीत असतं.

दवाखान्याचा प्रत्येक कागद जपून ठेवा. सर्पदंशाने शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत वारसाला दोन लाख रुपये मिळतात, वय १० ते ७५ पाहिजे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, आणि तो लवकर करावा लागतो. यात खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातली एक व्यक्ती एवढेच बसतात. दुसऱ्याच्या शेतात लावणीला जाणारी मजूर बाई, जिच्या नावावर सातबारा नाही आणि घरात कोणाच्याच नाही, ती यात येत नाही. चिखलात सगळ्यात जास्त पाय तिचेच असतात. ग्रामसभेत हा विषय घेता येईल.

साप घरात शिरला असेल तर वन विभागाची १९२६ ही हेल्पलाईन आहे. येणाऱ्या सर्पमित्राकडे वन विभागाचं ओळखपत्र आहे का ते विचारायला लाजू नका. साप पकडून गळ्यात घालून फोटो काढणारा असेल तर त्याला पुन्हा बोलावू नका. साप मारणं, बाळगणं, त्याचा खेळ करणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. सर्पमित्र येईपर्यंत एका माणसाने लांबून सापावर नजर ठेवायची, बाकीच्यांनी पोरं आणि कुत्री आत घ्यायची. आणि साप तळ्यातच असेल, डोळ्याखाली दोन काळ्या रेघा असतील, तर कोणालाच बोलवायची गरज नाही.